पाणबुडी मोटारीची केबल

वर्ध्याची जुनी वीज मला अजून स्वप्नात येते. दिसत काही नाही, नुसता रंग असतो. संध्याकाळी आजूबाजूच्या खेड्यांतले मोटारपंप सुरू झाले की शहरातल्या विजेचा दाब उतरायचा. पिवळा बल्ब आधी नारिंगी व्हायचा, मग पिकल्या टेंभराच्या फळासारखा होऊन लटकत राहायचा. पंख्याची पाती मोजता यायची. दुकानात दुरुस्तीला आलेले व्हॉल्वचे रेडिओ अशा वेळी पेंगायला लागत आणि त्यांतलं गाणं कापसाच्या गंजीतून गाळून आल्यासारखं, फार लांबून, फार सावकाश येई. गिऱ्हाईक म्हणायचं, रेडिओ बिघडला. मी म्हणायचो, रेडिओ ठीक आहे, कुठेतरी गहू भिजतो आहे.

संपादकांनी सांगितलंय की धंद्याबद्दल लिहा, पण तांत्रिक नको. तांत्रिक काढून टाकलं तर माझ्यापाशी फारसं उरत नाही. तरी बघू.

मी रेडिओ मेकॅनिक. सन सत्तरच्या आसपास बाजारातल्या एका बोळात दुकान टाकलं. आधी रेडिओ आणि मंडपाचे भोंगे, पुढे टेपरेकॉर्डर, आणि ऐंशीनंतर ज्यांचं कुणी परदेशात होतं त्यांच्याकडचे स्टिरिओ. आवाज दुरुस्त करणं हा विचित्र धंदा आहे. घड्याळ बरोबर चाललं की नाही यावर वाद होत नाही. आवाज बरा झाला की नाही, हे ज्याचं तो ठरवतो.

बोरगाव मेघेचा एक मंडपवाला होता. त्याच्या लेखी आवाजाला एकच गुण, तो म्हणजे अंतर. "मनोहरभाऊ, आवाज कसा हाये ते नोका सांगू. कुठवर जाते ते सांगा." सिंदी रेल्वे गावातल्या एका जिनिंगमधले दिवाणजी एकदा रेडिओ घेऊन आले. मागचं झाकण काढलं तर आत सगळीकडे कापसाच्या रुईचा थर. रेडिओ अस्तर लावलेल्या कोटासारखा झालेला. मी रुई काढली, पुसला, दिला. आठवडाभरात दिवाणजी परत. "पहिले आवाज कसा मऊ होता. तुमी तं खरबरीत करून देला." मी मागून थोडी रुई परत सारली. ते खूश होऊन गाडीला गेले. तेव्हापासून 'चांगला आवाज' हे शब्द मी जपून वापरतो.

देशकर सर माझ्याकडे आले ते असे शब्द सढळ हाताने वापरणारे गृहस्थ म्हणून. शाळेचे निवृत्त हेडमास्तर. पिपरी मेघेला नवीन प्लॉट पडले तेव्हा तिथे त्यांनी घर बांधलं. धाकटा भाऊ इंग्लंडात डॉक्टर होता. त्याने एका सुट्टीत थोरल्या भावासाठी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, अॅम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि कपाटाएवढे दोन स्पीकर आणले. ते जुळवायला मला बोलावलं होतं. पहिली रेकॉर्ड लागली तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. दुपार होती, खिडकीला वाळ्याच्या ताट्या, त्यांतून गळणारं पाणी, आणि त्या अर्धवट अंधारात एक सारंगी जणू खोलीच्या मध्यभागी येऊन बसली.

पुढे सरांनी या सारंगीची शाळा केली. रविवारी सकाळी 'श्रवण' भरायचं. एक वकील, एक दाताचे डॉक्टर, एक बँकेतले साहेब आणि मशीनचा वैद्य म्हणून मी. चपला बाहेर, बोलणं बंद, खोकायचं असेल तर अंगणात. कपबशीचा आवाज निषिद्ध, म्हणून रेकॉर्डची बाजू उलटेपर्यंत चहा स्वयंपाकघरात थांबायचा आणि निवून यायचा. आधी सर दहा-पंधरा मिनिटं प्रास्ताविक करायचे. त्या प्रास्ताविकात बसून मी कितीतरी वेळा मनातल्या मनात दुसऱ्याच कुणाचातरी ट्रान्झिस्टर दुरुस्त केला आहे.

सरांची पत्नी कमलकाकू. माहेर सिंदीचं, शेतीवाडीचं घर. बोलणं बारीक, मंजूळ आणि भरपूर. सर पुस्तकातलं बोलायचे, काकू घरातलं. मी दोन्ही बोलायचो, म्हणून मला दोन्ही दारांनी प्रवेश होता.

काही वर्षांनी सरांची तक्रार सुरू झाली. "मनोहर, आवाजावर पडदा आलाय. पूर्वी सतारीच्या तारेचं टोक दिसायचं. आता तार दिसते, टोक दिसत नाही."

मी यंत्र उघडलं, पुसलं, जोड तपासले, रेकॉर्डची सुई बदलली. माझ्या कानाला सगळं पहिल्यासारखं होतं. सर मात्र समाधानी नव्हते. तेवढ्यात भावाने पाठवलेल्या मासिकांचा गठ्ठा आला. त्यात कुणा साहेबाने लिहिलं होतं की भिंतीतून यंत्राला वीज नेणारी वायर बदलली आणि संगीतावरचं धुकं फिटलं. वायर जाड हवी, शुद्ध तांब्याची हवी. सरांनी तो परिच्छेद मला उभं राहून वाचून दाखवला. ते राष्ट्रगीताखेरीज सहसा उभे राहत नसत.

इथे थोडं तांत्रिक येणारच. भिंतीतली वीज सरळ गाण्यात जात नाही. ती आधी यंत्राच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, मग एका टाकीसारख्या भागात साठते, आणि गाणं त्या टाकीतलं पाणी पितं. शिवाय सरांच्या घरी वीज यायची ती दूरच्या डीपीवरून, खांबाखांबावरून, शेवटी घराच्या भिंतीतल्या बारीक तारेतून. मी म्हटलं, "सर, विहिरीपासून अख्खा पाट वीतभर रुंद आहे. शेवटच्या वाफ्यापाशी तुम्ही तो दोन हात केला तर पाणी वाढेल का?"

"तू संगीताला पाण्याची उपमा देतो आहेस," सर म्हणाले.

"विजेला देतो आहे, सर."

"तेच तर म्हणतो मी. तुला दोन्ही एकच वाटतात."

आता गिऱ्हाइकाशी किती भांडायचं याला मर्यादा असते. मी इस्त्रीला लावतात तसली जाड, तीन तारांची वायर जोडून दिली. सरांनी डोळे मिटले, ऐकलं, आणि म्हणाले, "आलं! टोक आलं!" रविवारी वकीलसाहेबांनाही टोक दिसलं. बँकेतल्या साहेबांना तर टोकापलीकडचंही काहीतरी दिसलं. महिन्याभरात टोक पुन्हा गेलं.

मग सर स्वतःच शेतीच्या दुकानात गेले आणि पाणबुडी मोटारीची केबल घेऊन आले. विहिरीत मोटार सोडतात तिची. काळी, चपटी, मनगटाएवढी. तिचं वेटोळं त्यांनी बैठकीच्या दारामागे ठेवलं आणि आंघोळीला गेले. मी पोचलो तेव्हा काकू खराटा घेऊन पडवीत उभ्या.

"मनोहरभाऊ, पुढं नोका जाऊ! दारामागं जनावर हाये!"

साप निघाला की काय म्हणून मी वाकून पाहिलं. "काकू, ही सरांची नवीन पॉवर केबल."

"हे? हे तं आमच्या भावाच्या विहिरीत हाये!"

"तेच."

काकूंनी खराटा खाली ठेवला. "मंग आता गाण्याले विहिरीत सोडून राह्यले काय तुमचे सर?"

ती केबल इतकी ताठ होती की लावल्यावर अॅम्प्लिफायरच मागे सरकायचा. शेवटी केबलच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून तिला भिंतीशी धरून ठेवावं लागलं. सरांना ती फार आवडली. तिच्यात भारदस्तपणा होता, आणि भारदस्तपणावर सरांचा विश्वास होता.

मी म्हटलं, करायचंच आहे तर एक खरं काम करू, अर्थिंग. ते घरात नव्हतंच, आणि त्यामुळे स्पीकरमधून एक बारीक गुणगुण सतत यायची. मागच्या अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, भोवती थराथराने मीठ आणि कोळसा भरला, तार आत आणली. अशा अर्थिंगचं एक असतं की जमीन ओली राहिली पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात ते नावापुरतं उरतं. तेव्हा रोज एक बादली पाणी. हे काम आपोआप काकूंकडे गेलं. सकाळी तुळशीला तांब्या आणि सरांच्या यंत्राला बादली.

गुणगुण खरोखर थांबली. त्याचं श्रेय मी घेतो. आवाज बंद केला की त्या घरात विहिरीच्या तळासारखं शांत वाटायचं.

त्यानंतरच्या रविवारी सरांनी कॅसेट लावली. घरी भरलेली, जुनी. कॅसेट ज्यांनी ऐकली आहे त्यांना ठाऊक असेल, गाण्यामागे एक सरसर असते. लांब कुठेतरी ज्वारीच्या शेतातून वारा चालल्यासारखी. ती वायरमुळे येत नाही. फितीतच असते, आणि कितीही केबल बदलल्या तरी जात नाही. गाणं सुरू व्हायच्या आधीची ती रिकामी फीत फिरू लागली. सरसर स्वच्छ ऐकू येत होती. सरांनी एक हात वर केला.

"ऐकलंत? काही नाही! सरसर पूर्ण गेली. जाड केबल आणि अर्थिंग. संपूर्ण निःशब्दता!"

त्या निःशब्दतेत सरसर चालूच होती. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग वकीलसाहेब म्हणाले, "वा, सर. अगदी गेली." दाताचे डॉक्टर म्हणाले, "नामोनिशाण नाही." बँकेतले साहेब नुसतेच डोळे मिटून डोलले. हेडमास्तरांसमोर आपल्याकडे माणूस साठीतही विद्यार्थीच असतो.

"मनोहर गप्प आहे," सर म्हणाले. "त्याला पटलेलं नाही. हरकत नाही. विज्ञानाने ठरवू. तुझ्याकडे सूर काढायची ती पेटी आहे ना, ती घेऊन ये. जुनी वायर, नवी केबल, दोन्हीवर ऐकू."

बुधवार ठरला. मी अर्थिंग बघायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेलो. काकू बादली ओतत होत्या. पाणी मुरताना त्या मातीला एक थंड, खारट वास यायचा.

"मनोहरभाऊ, बुधवारी येऊन राह्यले न तुमी? मंग माझी गाठ नाई पडाची कदाचित. मी सिंदीले जाऊन राह्यली भावाकडं. थो पाशिंजरनं घ्याले येते."

"लग्नबिग्न हाये काय?"

"नाई. राहालेच जातो आता." त्यांनी बादली पालथी घातली. "तुमच्या सराले माझा कायचातरी राग हाये. दोन वर्सं झाले. हाक मारली तं ओ देत नाई. जेवाले बलावलं तं पेपरात डोकं. माहेरची गोष्ट काढली तं मंधातच उठून चालले जाते. भांडले असते तं बरं होतं, भांडाले माणूस तं लागते. आता अर्धा दिवस थे यंत्र ऐकते. यंत्राचं ऐकते, माझं नाई ऐकत."

"तुमी इच्यारलं नाई त्याइले?"

"इच्यारलं नं. त्याचीबी ओ नाई."

आतून सतारीचा आवाज येत होता, आणि त्या आवाजामागून, भिंतीपलीकडूनही, मला ती सरसर ऐकू येत असल्याचा भास होत होता. मला एकदम काहीतरी दिसलं, पण मी पडलो रेडिओचा वैद्य. कुणाच्या नवऱ्याच्या कानांबद्दल त्याच्या बायकोला सांगायला मला काय अधिकार? आणि चुकलो असतो तर?

"काकू, बुधवारी भाऊ येईपर्यंत थांबसान न?"

"गाडी संध्याकाळचीच हाये," त्या म्हणाल्या. "दुपारी तुमाले चहा देऊनच निंगन."

बुधवारी दुपारी पेटी घेऊन गेलो. ऑसिलेटर म्हणतात त्याला. एक चाक असतं. फिरवत नेलं की जाड सूर बारीक होत होत शिट्टीच्या पलीकडे जातो. रेडिओ दुरुस्त करताना मी ते रोज वापरायचो. बैठकीत वाळ्याचा ओला वास, ताट्यांतून आलेली उन्हाची दोन-तीन बोटं जमिनीवर. स्वयंपाकघरात काकू प्रवासासाठी धपाटे थापत होत्या. परातीचा आवाज येत होता. सर खुर्चीत स्पीकरसमोर बसले, हात मांडीवर, डोळे मिटलेले, निकाल द्यायच्या तयारीत.

"आधी नवी केबल," ते म्हणाले.

मी अगदी खालून सुरुवात केली. भुंग्यासारखा सूर. कपाटाच्या काचा थरथरल्या.

"उत्तम. पुढे."

शंखासारखा, मग बासरीसारखा.

"सुंदर. पुढे."

मग शिट्टीसारखा. सरांच्या कपाळावर एक आठी आली. "हं. फार बारीक झाला. पुढे."

मी चाक आणखी थोडं फिरवलं. सूर तारेसारखा ताणला गेला. पडवीत झोपलेला कुत्रा उठला, त्याने एकदा घराकडे पाहिलं आणि तो फाटकातून रस्त्यावर निघून गेला.

सर डोळे मिटून शांत बसले होते. चेहऱ्यावर एक मोठं, स्वस्थ कुतूहल. "लाव," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "लाव ना, मनोहर. बंद का केलंस?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू धावत आल्या, दोन्ही पिठाचे हात कानांवर दाबलेले, आणि त्या सर आणि स्पीकर यांच्यामध्येच येऊन उभ्या राहिल्या.

"बंद करा न बापा थे! कानात दाभण खुपसून राह्यलं कोणी!"

अंगावर सावली पडली म्हणून सरांनी डोळे उघडले. समोर बायको, केसांना पीठ, कानांवर हात, तोंड वेदनेने वाकडं झालेलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग चाकावरच्या माझ्या हाताकडे.

"चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे, सर."

ते उठले. स्पीकरपाशी गेले, जाळीला कान लावला. नंतर तळवा लावला. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. मी सूर बंद करायला गेलो तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"आणि कॅसेटची सरसर?"

"आहे, सर. होती तेवढीच आहे."

मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा त्यावर काही प्रास्ताविक करतील. ते सरळ झाले आणि काकूंकडे वळले.

"कमल, तू मला हाक मारतेस?"

काकूंचे हात कानांवरच होते. "मारतो म्हंजे? सकाळपासून संध्याकाळवरी मारतो! मागून मारतो, अंगणातून मारतो, चुलीपासून मारतो. तुमी हालतबी नाई!"

"मला वाटलं," सर म्हणाले, "तू बोलणं सोडलंस. हे यंत्र आणलं म्हणून."

"म्या सोडलं?"

"घर इतकं शांत झालं होतं. मी म्हटलं, रागावली आहे तर रागावू दे. मग दिवसभर रेकॉर्डी लावायला लागलो."

काकूंनी कानांवरचे हात काढले. सूर चालूच होता; त्या विसरल्या असाव्यात. "अन् मी सिंदीले चालली होती," त्या म्हणाल्या. "राहाले. भाऊ येऊन राह्यला आज."

हे वाक्य त्या सरांच्या समोर उभं राहून, तोंडाकडे बघत बोलल्या, म्हणून ते त्यांना पूर्ण ऐकू आलं. ते खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसले. ज्या माणसाने आयुष्यभर हजेरी घेतली, त्याच्या घरात दोन वर्षं कुणीतरी हजर होतं आणि त्याने गैरहजेरी लावली होती.

"मनोहर," ते म्हणाले, "आता खाली ये. हळूहळू."

मी चाक उलटं फिरवू लागलो. काकू कपाळ आवळून उभ्या. सर स्पीकरकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, जणू सूर तिथून यायचा होता. तारेची शिट्टी झाली, शिट्टीचा बासरीकडे उतार लागला, आणि सरांनी बोट वर केलं.

"इथे. इथून मला येतो."

मी चाक तिथेच धरलं.

"इथून वर तुझं एकटीचं," ते काकूंना म्हणाले. "इथून खाली आपलं दोघांचं."

"आन माझी हाक वर पडते काय?"

"तसंच दिसतं."

"मंग मी काय बैलावानी हंबरू आता?"

सर हसले. त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. 'श्रवणा'त हसण्याची सोय नव्हती. मी पेटी बंद केली. खोली त्या दुपारी जितकी शांत झाली तितकी कोणत्याही केबलने झाली नव्हती. वाळ्यातलं पाणी ठिबकत होतं. केबल पुढे कित्येक वर्षं भिंतीला खिळलेली राहिली, अर्थिंगला बादलीही मिळत राहिली, आणि कान तपासायला सर काकूंना घेऊन नागपूरला जाऊन आले. पण हे सगळं नंतरचं.

तेव्हा काकू म्हणाल्या, "भाऊ आला का जेवू घालीन अन् धाडून देईन त्याले," आणि पिठाचे हात झटकत आत गेल्या. मी वायरी गुंडाळत होतो. सर खिडकीकडे पाठ करून, पेपर न उघडता, नुसते बसून होते, शाळेतला मुलगा आपलं नाव यायची वाट बघतो तसे.

थोड्या वेळाने चुलीपाशी कुणीतरी घसा खाकरला. मग एक आवाज आला, जाड, सावकाश, ओढून खाली आणलेला, संध्याकाळी दाब उतरल्यावर माझ्या दुकानातले रेडिओ गायचे तसा.

"अवोऽऽ"

सरांनी मान वळवली.

"ओ," ते म्हणाले.